पाचवा देव

देवीदासनं कादंबरी लिहिली ही बातमी भिलाईच्या सेक्टर दोनमध्ये पसरायला वेळ लागला नाही, कारण ती तो स्वतःच रेल मिलच्या कँटीनमध्ये, चहाच्या रांगेतल्या प्रत्येकाला सांगत होता. रेल्वेचे रूळ बनवणाऱ्या त्या मिलमध्ये तो क्रेन चालवायचा. लोक 'वा' म्हणाले आणि आपापला चहा घेऊन निघून गेले. नागपूरच्या दोन प्रकाशकांनी हस्तलिखित परत पाठवलं होतं, त्यातल्या एकानं तर बांधलेला दोरासुद्धा न सोडता. तेव्हा देवीदासनं ठरवलं की पुस्तक आपणच छापायचं. दसऱ्याला दीक्षाभूमीवर सारा समाज जमतो, लोक पिशव्या भरभरून पुस्तकं नेतात. तिथं सतरंजी टाकून आपणच विकायचं.

पुस्तकाचं नाव 'धोंडबा'. धोंडबा म्हणजे त्याचा बाप. भंडाऱ्याकडच्या खेड्यातून छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतलेला, मग भिलाईला भट्ट्या उभ्या राहत होत्या तेव्हा खलाशी, म्हणजे अवजड सामान चढवणारा मजूर म्हणून आलेला, आणि पाच वर्षांपूर्वी वारलेला. बापाला साधी सही शिकायला आयुष्य पुरलं नव्हतं. त्याच्या नावाचं पुस्तक निघावं, या एका गोष्टीसाठी देवीदास तीन वर्षं शिफ्टवरून येऊन लिहीत बसला होता.

स्वतः पुस्तक छापायचं तर सल्ला द्यायला भिलाईत एकच माणूस होता. श्यामराव. प्लांटच्या ऑफिसातून रिटायर होऊन जुनवानीला घर बांधून राहिलेले, दोन कादंबऱ्यांचे लेखक, त्यांचे प्रकाशक, आणि त्यांच्या बायकोच्या, म्हणजे कमलिनीबाईंच्या मते, त्यांचे एकमेव वाचकही. न खपलेल्या प्रती दिवाणाखाली होत्या आणि त्या दिवाणावर बसूनच श्यामराव सल्ला देत.

"हजार छापू नको," ते म्हणाले. "हजार छापणाऱ्याच्या घरी पाहुणे यायचे बंद होतात. प्रत्येकाला वाटतं, आता हा आपल्या हातात एक प्रत कोंबणार. फोटो तर मुळीच टाकू नको. मी टाकला, लोकांनी तेवढाच पाहिला अन् पुस्तक मिटलं. दुर्गच्या प्रेसमधे जा, माणूस चांगला आहे, पण टाइप हिंदीचा. त्याच्याकडे 'ळ' औषधालाही सापडत नाही."

"मंग?"

श्यामरावांनी दिवाणाखाली हात घातला आणि रुमालाची एक जड पुरचुंडी काढली. आत शिशाचे 'ळ' होते. पहिल्या कादंबरीच्या वेळी त्यांनी ते नागपूरवरून आणले होते.

"घेऊन जा. माझी तिसरी निघेल असं कमलिनीला वाटत नाही."

"मला भीती वाटते की निघेल," आतून कमलिनीबाई म्हणाल्या.

मग श्यामरावांनी हस्तलिखित मांडीवर घेतलं आणि त्यांचा चेहरा बदलला. "आता तुझ्या बापाचं. हा धोंडबा घाबरत नाही, चिडत नाही, कधी चुकत नाही. अख्ख्या पुस्तकात त्याला साधं पडसं होत नाही. असा माणूस शेजारी राहायला आला असता, तर मी क्वार्टर बदलून मागितला असता. देवीदास, वाचणाऱ्याला माणूस खरा वाटायला पाहिजे."

देवीदासची कानशिलं तापली. एरवी तो साहेबांपुढं जपून बोलायचा. "साहेब, तुमच्या पुस्तकातला बाप चुकला तं लोक म्हणतात, लेखकानं काय माणूस उभा केला! माहा बाप चुकला तं म्हणतीन, पाहा, हे लोक असेच. आमच्या बापाले चुकायची सोय नाई जी."

श्यामरावांनी हस्तलिखित मिटून त्याला दोरा बांधला. "मग तुझ्या मनासारखं छाप," ते म्हणाले, आणि त्यांनी ती पुरचुंडी देवीदासच्या हातात दिली. देवीदास सायकलवर बसला तेव्हा वाद आपण जिंकलो असं त्याला वाटत होतं. फार बरं मात्र वाटत नव्हतं.

दुर्गच्या प्रेसमध्ये काम फर्म्या-फर्म्यानं चाले. सोळा पानं जुळवायची, प्रूफ तपासायचं, छापायची, आणि लगेच तो टाइप मोडून अक्षरं परत खणांत टाकायची, कारण पुढची सोळा पानं त्याच अक्षरांतून उभी राहायची. एकदा छापलं ते छापलं. तिसऱ्या फर्म्यात देवीदासचा सर्वात लाडका प्रसंग होता. दीक्षा घेऊन परतलेला धोंडबा घरातले सगळे देव धोतरात बांधतो, गावच्या विहिरीच्या काठावर उभा राहतो, भाषण करतो आणि देव पाण्यात फेकून देतो. तो फर्मा छापून आला त्या दिवशी देवीदासनं कागदाचा वाससुद्धा घेतला.

भाद्रपद सरत आला तेव्हा एकच फर्मा उरला होता. पहिल्या पाळीवरून तो दुपारी घरी आला. त्याची आई, शेवंता, अंगणात अंबाडीची भाजी निवडत बसली होती.

"मायले तं वाचून दाखवा," त्याची बायको नलू म्हणाली. "साऱ्या भिलाईले सांगून राहिले, अन् घरच्या माणसाले ठाऊक नाई."

शेवंताला वाचता येत नव्हतं. ऐकून ती रडेल, अशी देवीदासची खात्री होती. थोडी इच्छाही होती. तो छापील फर्मे घेऊन खाटेवर बसला आणि वाचायला लागला. शेवंता निवडत होती. विहिरीचा प्रसंग आला तसा त्याचा आवाज चढला. "'परंतु बांधवांनो,' धोंडबा गर्जला, 'आजपासून आपण कोणत्याही दगडाला भिणार नाही!'"

"हा कोण होय?" शेवंतानं विचारलं.

"बाबा होय, माय!"

"तुहा बाप 'परंतु' कवा म्हनला? त्याले चार लोकात बोलता कुठं येत होतं? त्या दिवशी तं तो एक शब्द नाई बोलला." तिनं निवडलेली पानं एका बाजूला केली. "अन् देव पाच होते."

"काय?"

"घरी देव पाच होते. विहिरीत चार टाकले."

नलू दारात येऊन उभी राहिली. शेवंतानं हात पदराला पुसले आणि मुलाकडं पाहिलं, म्हणजे त्याच्या चेहऱ्याकडं. देवीदासच्या गालांवर आणि डाव्या डोळ्याच्या कडेला देवीचे वण होते. आरशात रोज दिसायचे, म्हणून त्याला आताशा ते दिसतच नसत.

"तवा तुले माता निघाली होती. डोळा जाते का राहते, अशी गत. बाकीचे देव टाकले त्यानं, मरीमायचा टाक नाई टाकला. कमरेले बांधला. मले म्हने, शेवंता, माह्यावर कोपली तं कोपू दे, पोट्ट्यावर नोको. मी म्हनलं, हात वर करून शब्द देल्ला अन् घरी येऊन देवी लपवून राहिला? तं रडला. इतका मोठा माणूस, चुलीपाशी बसून रडला."

"पण मी तं बरा झालो."

"म्हणून तं आनखी भेव. आता टाकली अन् उलटली तं? भिलाईले आलो तवा तांदळाच्या डब्यात घालून आणली. मी रोज तांदूळ काढो अन् डोळे झाको."

देवीदासच्या हातातले फर्मे मांडीवर तसेच पडून राहिले.

"कॅम्पात राहत होतो तवा भीमजयंतीले तू भाषण केलं, आठवते? टेबलावर चढून?"

त्याला आठवत होतं. शाळेत होता तेव्हा. 'माझ्या बाबांनी घरातले सगळे देव विहिरीत टाकले!' असं तो ओरडला होता आणि टाळ्यांचा कडकडाट झाला होता. बाप पुढंच बसला होता. त्यानं टाळी वाजवली नव्हती. त्याला भरून आलं असेल, असं देवीदास आजवर समजत आला होता. आणि दुसऱ्या दिवशी बाप सायकल काढून दुर्गला गेला होता, संध्याकाळी ओल्या धोतरानं परत आला होता, कागदात जलेबी घेऊन. ती जलेबी म्हणजे भाषणाचं बक्षीस. पुस्तकातही ते तसंच होतं, सहाव्या फर्म्यात.

"शिवनाथ नदीवर गेला होता," शेवंता म्हणाली. "मरीमाय सोडायले. मी म्हनलं, आज एकाएकी कावून? तं म्हने, पोट्टा लोकाईपुढं बोलला. तो खोटा नाई पडला पाहिजे."

देवीदासला एकदम रडू आलं. नलू आत गेली आणि पाण्याचा गिलास घेऊन आली. तो त्यानं हातात धरला पण प्यायला नाही.

"आजपर्यंत कावून नाई सांगतलं मले?"

"तू इचारलं कवा? तू तं भाषणच देऊन राहिला होता." मग तिचा आवाज मऊ झाला. "देवीदास, मले नवरा होता रे. देव नोता. देव तं त्यानंच फेकले, अन् तू त्यालेच देव करून ठेवला."

दुसऱ्या दिवशी तो प्रेसमध्ये गेला. तिसरा फर्मा पुन्हा जुळवता येईल का? मालकानं त्याला खण दाखवले. तिसऱ्या फर्म्यातले 'ळ' केव्हाच पुढच्या फर्म्यांत फिरून आले होते. नव्यानं जुळवायचं तर दसरा हुकणार. देवीदास तसाच सायकल मारत शिवनाथेवर गेला आणि घाटावर बसून राहिला. पुस्तक आहे तसंच निघालं तर कुणाला काय कळणार होतं? माय वाचणार नव्हती. समाज खूश होईल, पाठ थोपटील. आणि हे लिहिलं तर बापाचं नाव मोठं करायला निघालेला मुलगाच लोकांच्या हातात दगड देईल. पाण्याकडं बघत तो बराच वेळ हाच हिशेब उलटसुलट करत होता. पण आता बापाला आठवायला गेलं की विहिरीवरचा तो गर्जणारा माणूस येतच नव्हता. चुलीपाशी बसलेला येत होता, आणि देवीदासला त्याच्याजवळ जाऊन बसावंसं वाटत होतं.

शेवटच्या फर्म्यात धोंडबाच्या शोकसभेची भाषणं होती. ती त्यानं फाडून टाकली. त्या जागी नवीन प्रकरण लिहिलं: अंगणात भाजी निवडणारी म्हातारी मुलाला सांगते की देव पाच होते. तिच्या तोंडचं एकही वाक्य त्यानं सुधारलं नाही. मागची पानं तशीच राहू दिली. मुलाला जे ठाऊक होतं ते आधी, आईला जे ठाऊक होतं ते नंतर.

श्यामरावांनी ते प्रकरण उभ्या-उभ्या वाचलं आणि चष्मा काढला. "आता हा माणूस माझ्या शेजारी राहू शकतो," ते म्हणाले.

"अन् लोक काय म्हणतीन जी?"

"ते मला नाही ठाऊक बाबा. ते तुला दसऱ्यालाच कळेल."

दसऱ्याला देवीदास शेवंताला घेऊन नागपूरला गेला. दीक्षाभूमीवर पाय ठेवायला जागा नव्हती. त्यांनी सतरंजी टाकली, पुस्तकं मांडली. दुपारपर्यंत थोडी खपली. मग पांढऱ्या कपड्यातला एक तरुण आला, शेवटची पानं चाळता चाळता थांबला आणि त्याचं तोंड लाल झालं.

"हे काय छापलं? आपल्याच माणसाची बदनामी? इथं? आजच्या दिवशी?" त्यानं पुस्तक सतरंजीवर आपटलं आणि तो गर्दीत निघून गेला.

आजूबाजूचे लोक बघायला लागले. देवीदासनं पुस्तकं परत बांधायला गठ्ठ्याची सुतळी उचलली. शेवंतानं ते आपटलेलं पुस्तक उचललं, पदरानं पुसलं आणि परत रांगेत ठेवलं.

तेच पुस्तक एका म्हाताऱ्यानं उचललं. हातात काठी, गळ्यात निळा दुपट्टा. ओळीवर बोट ठेवून, ओठ हलवत तो ते शेवटचं प्रकरण वाचत राहिला. गर्दीचे धक्के लागत होते, तरी तो हलला नाही. देवीदास सुतळी हातात धरून वाट बघत होता.

"हे खरं होय?" म्हाताऱ्यानं विचारलं.

कादंबरी आहे, काका, मनानं लिहिलेलं आहे, असं म्हणता आलं असतं. देवीदासनं आईकडं पाहिलं.

"खरं होय. माहा बाप होय."

म्हाताऱ्यानं पुस्तक छातीशी धरलं. "आमच्या घरी खंडोबाचा टाक राह्यला होता," तो हळू म्हणाला. "गव्हाच्या कोठीत. पोरगी आजारी राहे, म्हणून. नंतर वैनगंगेत सोडला, एकटाच जाऊन. बायको मेली, तिलेही नाई सांगतलं मी."

शेवंता सरकली आणि तिनं सतरंजीवर जागा केली. "बसा भाऊ," ती म्हणाली. म्हातारा काठी टेकून बसला.

"माह्या माणसाले वाटे," शेवंता म्हणाली, "तो एकटाच होय."