नसरापूर लाइव्ह, आवाज साफ केलेला

माझ्या सासऱ्यांचं नाव एकदा माइकवर घेतलं गेलं होतं. ही गोष्ट मी लग्न होऊन शिवऱ्यात आले त्या दिवशी, हातात चहाचा कप यायच्या आधी ऐकली, आणि त्यानंतर किती वेळा ऐकली ते मोजायचं मी सोडून दिलं. नसरापूरला भीमगीतांचा सामना होता, दोन पार्ट्या समोरासमोर, त्यातली एक रतनबाईंची. मामांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, रतनबाईंना अकरा रुपये बक्षीस दिलं. बक्षीस आलं की गाणारा गाणं थांबवणार, देणाऱ्याचं नाव गावासकट माइकवर घेणार आणि मगच पुढचं कडवं म्हणणार, अशी रीतच होती. तर रतनबाई म्हणाल्या, शिवऱ्याचे सोनबा.

अडचण एवढीच की वस्तीत हे कुणालाच पटत नव्हतं. त्या कार्यक्रमाला आमच्या वस्तीतून मामा आणि आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई अक्काबाई, एवढी दोघंच गेलेली. तेव्हा त्यांचं नवंनवं लग्न झालेलं. आणि साक्षीला आत्यांना उभं करावं तर त्या म्हणायच्या, "कशाचं नाव आन् कशाचं काय! ह्ये तर मांडवाच्या खांबाला टेकून झोपले हुते."

घरचाच साक्षीदार फुटल्यावर काय राहिलं? मामांचे लंगोटीयार रखमाजी विहाराच्या कट्ट्यावर बसलेले असत. मामा दिसले की ते "या माइकवाले!" म्हणायचे आणि डोळे मिटून घोरायला लागायचे. मामा हसण्यावारी न्यायचे, पण घरी आल्यावर अकरा रुपयांची ती गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगायचे. मरायच्या आधी एकदा ते नाव वस्तीनं ऐकावं, एवढीच त्यांची इच्छा होती. मला राग यायचा तो आत्यांचा. नवऱ्याचा एवढा मान ठेवायला काय जात होतं?

यंदा जयंतीच्या आधी बातमी आली की रतनबाईंच्या मुलानं, अमृतनं, आईची गाणी पेनड्राइव्हवर आणली आहेत. एक होता 'जुनी गाणी, नवा आवाज', दुसरा 'नसरापूर लाइव्ह', म्हणजे त्याच सामन्याचं रेकॉर्डिंग. रतनबाई आता थकल्यात, गात नाहीत, त्यामुळे जे आहे ते एवढंच. झालं, घरात दोन तट पडले.

माझा नवरा संजय मांडव आणि स्पीकर भाड्यानं देतो. गाणं चांगलं की वाईट हे तो खिडकीच्या काचा थरथरतात का त्यावरून ठरवतो. तो म्हणाला, "नवा आवाजवालं घेऊ. जुन्या कॅसेटमधी ढोलकी डब्यावानी वाजती. ह्यात बेस हाय."

मी म्हटलं, ही शिळ्या कढीला ऊत आणायची कामं. तीच गाणी, तीच बाई, फक्त ढोलकी पुढे आणि बाई मागे, आणि त्यासाठी पुन्हा पैसे मोजायचे!

"लाइव्ह आना," मामा म्हणाले. "त्यात माजं नाव आसंल."

तेवढ्यात आत्या चुलीपासून ओरडल्या, "लाइव्ह बिव्ह काय आनू नका! गाणं थोडं आन् कालवा फार. लोकं खोकत्यात, पोरं रडत्यात. पैसं देऊन लोकांचा खोकला इकत घ्यायचा व्हय?"

मुद्दा बिनतोड होता. पण आत्यांनी गाण्याबद्दल मत दिल्याचं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

शेवटी मामांना स्कूटीवर मागे बसवून मी नसरापूरला गेले. एसटी स्टँडजवळ अमृतचं मोबाईलचं दुकान आहे. मामांनी पेनड्राइव्ह हातात घेऊन उलटसुलट केला.

"लोकांचा कालवा काढला का रं ह्यातला?"

"काढला की काका. खोकला, शिट्ट्या, आरडाओरडा, समदं काढून एकदम साफ केलंय."

"बायकांच्या बाजूचा बी?"

"समद्या बाजूचा."

मामांचा चेहरा उजळला. "मंग दे." मला नवलच वाटलं. हाक मारली तर अर्धी ऐकू येत नाही आणि साफ आवाजाची एवढी हौस! बक्षिसाची नावं ठेवलीत का, हे विचारायचं आम्हा दोघांनाही सुचलं नाही. भाजीत मीठ आहे का, हे विकत घेताना कोण विचारतं?

रविवारी संध्याकाळी संजयनं विहारापुढे दोन स्पीकर लावले. सगळी वस्ती जमली, रखमाजी सर्वांत पुढे. गाणं सुरू झालं आणि खरं सांगते, मी पुढे सरकून बसले. आवाज धुतल्यासारखा स्वच्छ, बाई जणू शेजारी बसून गातायत. एक कडवं झालं, दुसरं झालं. मामांनी हात वर केला. "आता... आता बगा हं!"

रतनबाई थेट तिसऱ्या कडव्यावर गेल्या. त्या कुठंच थांबल्या नाहीत. अख्खा कार्यक्रम संपला, पण नसरापुरात कुणी कुणाला एक पैसा बक्षीस दिलं नाही.

रखमाजी बारीक आवाजात घोरायला लागले. लोक हसले. मामा उठून घरी गेले आणि न जेवता झोपले. आत्या सुपात तांदूळ निवडत होत्या. "बरं झालं," एवढंच म्हणाल्या. मला त्या सुपासकट त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी अमृतच्या दुकानात उभी. मामाही आले होते.

"नावं कुठायत?" मी विचारलं.

"ताई, गाण्याच्या मधी नावं आली की लोकं कंटाळत्यात."

"अहो, गाणी तर कॅसेटवर आहेतच! लाइव्ह माणूस घेतो कशासाठी?"

"सकाळधरनं समदी गिऱ्हाइकं ह्याच्यावरनंच भांडत्यात," अमृत कपाळाला हात लावून म्हणाला. "म्या आपला मेहनत करून करून साफ केलं." त्यानं कॉम्प्युटरवर मूळची टेप लावली. त्याच्या वडिलांनी तेव्हा टेपरेकॉर्डर बायकांच्या बाजूला ठेवलेला, कारण विजेचं बटण त्याच बाजूला होतं.

खोकला ऐकू आला. एक पोर रडलं. मग रतनबाई गाता गाता थांबल्या. "शिवऱ्याचे सोनबा यांच्याकडून अकरा रुपये. मंडळी, टाळ्या!"

मामांचे डोळे भरून आले. माझेही आले. आणि टाळ्या संपायच्या आत एक कोवळा, खणखणीत बायकी आवाज कडाडला, "अवो, ते माज्या बांगड्यांचं पैसं हायत!"

सगळा मांडव हसला. "कोण गं बाई? नाव काय तुझं?" रतनबाईंनी विचारलं.

"अक्काबाई!"

"अक्काबाई, पैसे पेटीत गेले, ते काही आता परत यायचे नाहीत. पण मग गाणं तरी त्यांच्यासाठी कशाला? हे गाणं तुझ्यासाठी." आणि त्यांनी ते कडवं असं उचललं की दुकानात मोबाईलला कव्हर बसवून घेणारी मुलगीसुद्धा थांबली.

"मामा, हे कधी सांगितलं नाहीत?"

"काय सांगू? नवी नवरी, भर मांडवात वरडली. मंग लाजली. घरापातूर रडत आली. म्हनली, कुनाला कळलं तर म्हायेरी जाईन. म्या शबूद दिला. निस्तं नावाचं तेवडं सांगत ऱ्हायलो."

"म्हणून साफ केलेलं हवं होतं तुम्हाला?"

"व्हय. वाटलं, तिचं वरडनं जाईल आन् माजं नाव ऱ्हाईल. ह्यानं दोगास्नीबी झाडून काडलं."

अमृतनं मूळची टेप पेनड्राइव्हवर भरून दिली. परत आलो तर रखमाजी कट्ट्यावर होतेच. "काय माइकवाले, घावलं का नाव?"

मामांचा हात खिशावर गेला. समोर घराच्या दारात आत्या उभ्या होत्या, तोंडाचा रंग उडालेला. मामांनी त्यांच्याकडे बघितलं.

"न्हाई रं," मामा म्हणाले. "झोपलोच आसंन म्या."

माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. पण मामांनी माझ्याकडे असं बघितलं की मी गिळून टाकलं. एवढी वर्षं ज्याच्यासाठी झुरला, ते नाव खिशात असताना माणूस घोरणं कबूल करून आला होता. मला फार वाईट वाटलं.

घरात चहा झाला. आत्यांनी मला हळूच विचारलं, "हाय का त्यात?"

"आहे."

"समदं?"

"सगळं. तुमच्यासाठी म्हटलेलं गाणंसुद्धा."

आत्यांनी कप खाली ठेवला. मग उठल्या, मामांच्या खिशातून पेनड्राइव्ह काढला आणि संजयच्या हातात दिला. "भाईर लाव."

"आवाज किती ठेवू, आई?"

"म्या काय हळू वरडले न्हवते."

पुन्हा वस्ती जमली. पुन्हा खोकला झाला, पोर रडलं, रतनबाईंनी नाव घेतलं आणि मामांनी मान खाली घातली. मग बांगड्या आल्या. लोक पोट धरून हसले आणि गाणं सुरू झालं तसे गप्प झाले. आत्या पदराचं टोक चावत स्वतःचं गाणं ऐकत होत्या.

गाणं संपल्यावर रखमाजी उठले. त्यांनी मामांपुढे टोपी काढली. पण ते शेवटी रखमाजीच. "वैनी, मंग त्या बांगड्या नंतर घेतल्या का न्हाई त्यानं?"

आत्यांनी संजयच्या हातातला माइक ओढून घेतला. उखाण्यातसुद्धा नवऱ्याचं नाव घ्यायला लाजणारी ही बाई. घसा साफ करून म्हणाली, "शिवऱ्याचे सोनबा यांच्याकडून बांगड्या येनं बाकी हाय. मंडळी, टाळ्या!"