ओकचं जंगल आणि दहा दिवे

त्या रविवारी वाचनालयाच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. टेबलावर लाकडी खोक्यावर तांब्याचं चाक गरगरत होतं आणि भोवती दहा दिवे लख्ख पेटले होते. बाहेरून वायर नाही, तेल नाही. म्हाताऱ्या छातीवर क्रूसाची खूण करत होत्या.

"पृथ्वीच्या पोटात निजलेली शक्ती जागी केलीय मी," इंजिनियर प्लामेन सांगत होता. कुठला इंजिनियर, देव जाणे. "हे चाक कधीच थांबत नाही. हिवाळ्यात घराघरात याचीच ऊब. मग लाकूड हवंय कशाला? याच्या बदल्यात गावचं ओकचं जंगल माझ्या कंपनीला लिहून द्या."

सरपंच हरालाम्पी कागद काढून बसलाच होता. रोडोपी डोंगरातली थंडी, आईचा दमा, आणि घरात एकच चूल, ती त्या जंगलाच्या लाकडावर चालणारी. जंगल गेलं तर आई वसंत पाहणार नव्हती. आणि हीच माझी आई पुढच्या रांगेत बसून टाळ्या पिटत होती.

राइनाबाई उठल्या. पस्तीस वर्षं त्यांनी गावाला भूमिती शिकवलेली. प्लामेनची वाक्यं त्यांनी फळ्यावर लिहून काढली.

"दिवे लागलेत. हे आपण पाहिलं, हा पुरावा. 'चाक कधीच थांबत नाही', हे कुणी पाहिलं?"

त्यांनी त्या वाक्याखाली खडूनं रेघ ओढली.

"म्हणजे हे नुसतं गृहीत धरलेलं. 'म्हणून जंगल द्या' हा निष्कर्ष. तो उभा आहे गृहीतावर. पुरावा आपला शोभेला."

"बाई, शंका घेतली की शक्ती रुसते," प्लामेन गोड हसला.

"रुसू दे. आपल्याकडे मतदानाआधी प्रत्येक घर बोलतं. तोवर चाक चालू ठेव."

ही रीत त्याला ठाऊक नव्हती. अर्ध्या तासाचा खेळ करून सही घ्यायची, असा त्याचा बेत. पण आमचा माणूस बोलायला लागला की आजोबाच्या लग्नापासून सुरुवात करतो. कोस्तादिनकाका तर पाऊण तास आपल्या बकरीवरच बोलले. प्लामेन तीनदा चाक बंद करायला उठला, बाईंनी तीनदा खाली बसवला. नवव्या घरापाशी दिवे पिवळे पडले. बाराव्याला चाक थांबलं.

"काय रे इंजिनियर, शक्तीला डुलकी लागली?" मागून कुणीतरी विचारलं.

मी खोक्याचे स्क्रू काढले. आत ट्रकची बॅटरी होती. आई वाकून बघत राहिली. तिचा चेहरा पडला.

"एवढीशीच? हिच्यावर माझी एक रात्रसुद्धा निघाली नसती गं."

हरालाम्पीनं कागद गुपचूप खिशात घातला. जंगल गावाचंच राहिलं.

लोक म्हणतात, प्लामेन खोटं बोलला. पण दिवे खरेच लागले होते की. खऱ्याच्या आडूनच खोटं आत शिरतं. म्हणून दाखवलंय काय आणि मागतायत काय, हे आधी वेगळं करा. मधलं वाक्य कोण सिद्ध करणार, ते विचारा. आणि कुणी म्हणालं शंका घेऊ नका, तर खुर्ची पुढे ओढून तिथेच ठाण मांडून बसा.