मधे एकच सांधा

लिफ्टदुरुस्तीत आयुष्य घालवलेल्या माणसाला तिरकं काही खपत नाही. हा तर दुसऱ्याच्या घरी चहाला गेला तरी आधी भिंतीवरचा फोटो सरळ करायचा आणि मगच खुर्चीत टेकायचा. गल्लीत त्याला सगळे ओळंबा म्हणत, भिंत सरळ आहे का हे बघायच्या गवंड्याच्या वजनदार दोरीवरून. त्याला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

निवृत्त झाल्यावर ओळंब्याने मागच्या खोलीत सुतारकाम मांडलं. दोन स्टुलं आणि एक मांडणी जमली, तसा हुरूप वाढला आणि त्याने बायकोच्या कटिंग टेबलाचं काम अंगावर घेतलं. त्या टेबलाची खरंच गरज होती. बायको घरी शिवणकाम करायची आणि कापड बेतायची जमिनीवर, गुडघ्यांवर रांगत. कंबरेने असहकार पुकारला तेव्हा डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, की खाली वाकून कापणं बंद. टेबल घ्या, नाहीतर हे काम सोडा.

"तयार टेबल आणू या," बायको म्हणाली.

"घरात सुतार असताना? लोक काय म्हणतील?"

"लोकांना कुठे कापड कापायचंय?" ती म्हणाली. पण त्याचा उतरलेला चेहरा बघून तिने विषय वाढवला नाही. तिथेच तिचं चुकलं.

ओळंब्याने दोन भल्या रुंद, जाड फळ्या आणल्या. दोन फळ्या, मधे एकच सांधा, असं टेबल त्याच्या डोळ्यांसमोर होतं. बारीक पट्ट्या चिकटवून काय कोणीही करेल, असं त्याचं मत. फळ्या आणून त्याने खिडकीशी भिंतीला टेकवून ठेवल्या आणि आधी टेबलाचे पाय करायला घेतले. पाय सुरेख झाले. पण तोवर फळ्यांची एक बाजू उन्हाने वाळली, दुसरी भिंतीच्या ओलीत राहिली, आणि दोघींना असा काही पीळ भरला की जमिनीवर ठेवल्या तर एका पायावर उभं राहिल्यागत डुगडुगायच्या.

आता लिफ्टचा रूळ जरा वाकडा गेला, तर काय करतात? बोल्ट आवळतात. ओळंब्याने तेच केलं. फळी बाकावर ठेवली, चारही कोपऱ्यांना क्लँप लावले आणि जीव खाऊन आवळले. फळी निमूट सपाट झाली. वरून त्याने सुरेख रंधा मारला, सरळ पोलादी पट्टी टेकवून बघितली. पट्टीखालून कुठे उजेडाची रेघसुद्धा दिसेना. मग त्याने क्लँप सोडले. फळीने अंग सैल केलं आणि कोपरे होते तिथे परत गेले.

त्याने खापर लाकूडवाल्यावर फोडलं, मग हवेवर, मग रंध्याच्या पात्यावर. पातं घासून आणलं, फळी पुन्हा आवळली, पुन्हा रंधा, पुन्हा तेच. खोलीत घोटाभर ढलप्या साचल्या.

बायको चहा घेऊन आली आणि दारातच थांबली. "आवळून धरलीये म्हणून सरळ दिसतेय ती. ताणून शिवलेलं पहिल्या धुण्यात कसं गोळा होतं, तसंच हे."

"लाकूड म्हणजे कापड नव्हे."

"नसू दे. पण वाकडं ओढणारं कापड आलं की मी त्याच्या उभ्या, अरुंद कळ्या पाडते. प्रत्येक कळीत वाकडेपणा जरासाच उरतो. तुम्हीही उभ्या पट्ट्या पाडा."

"टेबल करतोय मी, झगा नाही! मधे एकच सांधा येणार."

"सुंभ जळला तरी पीळ जळत नाही," ती म्हणाली आणि कप ठेवून गेली. हे तिने फळीला उद्देशून म्हटलं, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

दोन बोटं जाडीची फळी दीडवर आली. ओळंबा रोज संध्याकाळी अंगावरचा भुसा झटकत सांगायचा, "उद्या होतंय बघ." बायको 'बरं' म्हणायची.

एकदा तो पॉलिशपेपर आणायला हार्डवेअरच्या दुकानात गेला, तर तिथे कोपऱ्यावरच्या लॉजच्या मॅनेजरबाई पडद्यांचे रॉड बघत होत्या.

"ताई कशा आहेत आता?" त्यांनी विचारलं.

"बरी आहे की."

"मग बरं. लॉजच्या सगळ्या खोल्यांचे पडदे त्यांच्याकडे दिले होते. त्यांनी कापड परत पाठवलं. म्हणाल्या, आता फक्त चेन बदलणं आणि उसवलेलं शिवणं, मोठं काम बंद. मला वाटलं, फारच दुखतंय."

पॉलिशपेपर न घेताच ओळंबा घरी आला. बायको कुणाच्या तरी पँटची चेन उसवत बसली होती.

"पडद्यांना नाही म्हणालीस?"

"मग काय हवेत कापू?"

"मला सांगायचंस ना."

"काय सांगायचं?" तिने कात्री खाली ठेवली. "तुम्ही मला सांगायचात, उद्या होतंय. मी तेच लोकांना सांगायची. शेवटी मला लाज वाटायला लागली. नाही म्हणणं सोपं गेलं."

ती चिडून बोलली असती तर भांडता तरी आलं असतं. तो मागच्या खोलीत गेला, दोन्ही फळ्यांकडे बघत उभा राहिला आणि मग त्याने आतूनच हाक मारली, "किती रुंद पाडू?"

ती आली. तिने त्याचा पंजा फळीवर ठेवला आणि अंगठा सोडून चार बोटांच्या रुंदीला शिंप्याच्या खडूने रेघ ओढली. "एवढी."

करवत चालवताना त्याला मनापासून वाईट वाटत होतं. पण सुट्या झालेल्या पट्ट्यांमध्ये पीळ नावालाच उरला होता. या खेपेला त्याने पट्टी आवळली नाही. जिथे डुगडुगत होती तिथे खाली कागदाची घडी सारली, डुगडुगणं थांबेल इतकीच, आणि हलक्या हाताने रंधा मारला. मग उलटी करून दुसरी बाजू. सोडल्यावर पट्टी जागची हलली नाही. त्याने दोनदा तपासलं, कारण त्याचा विश्वास बसेना.

पट्ट्या जोडलेला सरस वाळला, पाय बसले. टेबलावर सांधेच सांधे होते. बायकोने त्यावरून तळवा फिरवला आणि उभ्या उभ्याच मॅनेजरबाईंना फोन लावला.

"पडदे अजून द्यायचे असतील, तर पाठवा," ती म्हणाली. मग बराच वेळ ऐकत राहिली. "हो का? नाही नाही, तुमचं काम अडायला नको." तिने फोन ठेवला. "दुसरीकडे दिले. कालच कापायला घेतलेत."

"माझ्यामुळे गेलं," ओळंबा म्हणाला.

"हो, तुमच्यामुळेच."

तिने ते गोड शब्दांत गुंडाळलंही नाही आणि वाढवलंही नाही. शेजारणीच्या चादरींचं कापड पिशवीत तसंच पडून होतं. ते तिने टेबलावर टाकलं. "ते टोक धरा."

त्याने धरलं. ती ताठ उभी राहून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कापत गेली. मधे एकदाही तिचा हात कंबरेकडे गेला नाही.