नागम्माचे पांडव

येळवस, म्हणजे वेळा अमावास्या, आली की नागम्मा अजूनही पांडवांना चुना लावू देत नाही. नुसती तांबडी काव. सुना विचारतात, म्हातारी हसते. त्या हसण्यात तिचा गेलेला नवरा, शरणबसप्पा असतो.

लढाईचं साल होतं. राजा हैदराबादचा, पलटण विलायतेची, आणि शेत नागम्माचं! मुरुमच्या अलीकडं तिच्या शेतात गोऱ्यांनी तंबू ठोकले, भोवती काटेरी तार ओढली. विचारलं कुणी? कुत्र्यानं नाही. उलट गाव खूश. गोऱ्यांचे रिकामे डबे आणून बायका त्यात मीठ भरत.

येळवशीला शेतात कडब्याची खोपटासारखी कोप घालायची, पाच दगड पांडव म्हणून पुजायचे, येईल त्याला जेवू घालायचं. येळवस चुकली तर शेत रुसतं. नागम्माचे पांडव तारेच्या आत होते.

"गोरे बी पांडव पुजतेत," नवरा म्हणाला. "म्या बघितलं न्हवं तारेबाहेरनं! चुना लावून शे-दीडशे मांडलेत."

"पांडव पाचच असतेत, अवो."

"त्यांची लढाई मोठी. पांडव बी जादा."

साऱ्या गावाला हे पटलं होतं. देवभोळ्यांना लुटणं किती सोपं! नागम्मा तेवढी आंबिलीनं भरलेली मातीची बिंदगी डोक्यावर घेऊन निघाली. शरणबसप्पा कुरकुरत मागं.

फाटकावर गोरा, आणि त्याचा दखनी हवालदार. "अम्मा, अंदर जाना मना है."

"हे माझं शेत. तुमी पावणे. पावण्यानं घरवालीला अडवायचं व्हय? आदी आंबील प्या."

हवालदारानं गोऱ्याला समजावलं. गोरा प्याला, तोंड वाकडं केलं, मग हसून बाजूला झाला.

आत कोपीच्या जागी सायबाचा तंबू. वाटेच्या दोन्ही बाजूंनी पांढरेफेक दगड. नागम्मानं हात जोडले.

हवालदार हसू लागला. "पूजा कैसी, अम्मा? अंधेरे में साब का पाँव अटकता, इसलिए चुना."

शरणबसप्पानं मान खाली घातली. नागम्मा मात्र आपले पाच यांतच असणार म्हणून खाली बसली आणि दगड खरवडू लागली. चुन्याखाली काव निघाली तर तो आपला. सासूच्या हातची काव होती ती. बोटं सोलली. चार सापडले. पाचव्याच्या आधी सायबाची शिट्टी वाजली आणि दोघांना बाहेर काढलं.

चार दगड पदरात बांधून नागम्मा घरी आली.

लढाई संपली, तंबू गेले. शेतात डबे, काचा आणि ते दगड तेवढे राहिले. गाव गोऱ्यांची आठवण काढून हळहळत होतं. शरणबसप्पा रोज खुरपं घेऊन एकेक दगड खरवडायचा. अकराव्या दिवशी बांधावरून ओरडला, "आगं, घावला! काव हाय!"

त्या येळवशीला त्यानं पांडवांना लावायला चुन्याचं भांडं आणलं. नागम्मानं ते बांधाबाहेर उपडं केलं.

आज कोपीत पाच तांबडे दगड. सून आंबील वाढते, आणि म्हातारी पाचव्याला हळूच म्हणते, "काय वो, पांडव जादा न्हवं?"