जहाजाची आत्या

कुंभार पिंपळगावापासून समुद्र किती लांब, हे पोलीस ठाण्याच्या अमीनसाहेबालाही ठाऊक नव्हतं. पण निजाम सरकारला लवकरच बंदर मिळणार, ही आवई त्यानं ऐकली होती. बंदर आलं की किनाऱ्यावर लढायला जहाज लागणार. मंग पहिलं जहाज आपल्या ठाण्याचं असावं, अन् त्याला आपलंच नाव असावं, हे त्याच्या डोक्यात बसलं. सत्तेचाळीस सालची गोष्ट. खोटी वाटत असेल तर दोष माझा न्हाई, तुमच्या वयाचा आहे.

त्यानं पुंजाराम सुताराला धरलं. पुंजारामानं जन्मात औत अन् बैलगाडीपलीकडे काही घडवलं नव्हतं, म्हणून जहाजही त्याच वळणाचं झालं. खाली गाडीची चाकं, वर बाभळीचा सांगाडा, पुढं तोफ म्हणून मोटेची चामडी सोंड. वाढता वाढता ते एवढं वाढलं, की नाकाडावरच्या कावळ्याला शेपटाकडचा कावळा परगावचा वाटायचा.

मंग हुकूम सुटला. नाव ठेवायचं, गावातले समदे बैल जुंपायचे, अन् पुंजारामासकट जहाज समुद्राला न्यायचं. पेरणी तर तोंडावर आलेली.

पुंजारामाची थोरली बहीण साळूबाई ठाण्यात गेली. जहाज म्हणजे भावाचं लेकरू आहे, नाव आत्याच ठेवणार, म्हणाली. अमीन म्हणाला, नाव मीच ठेवणार.

"मंग आत्या तुमीच व्हा," साळूबाई म्हणाली. "पन रीत बराबर झाली पायजे."

रीत अशी, की बारशाला आत्या लेकराच्या कानात नाव सांगते, अन् त्याच वेळी बाया तिच्या पाठीत धपाटे घालतात. कानात गेलं ते नाव पक्कं. हैदराबादेत वाढलेल्या अमीनाला कानाचं तेवढं सांगितलं. पाठीचं सांगायचं राहून गेलं.

पुंजारामानं नाकाडाला गिरमिटानं भोक पाडून कान केला. अमीन वाकला, "कुर्र" म्हणाला, अन् नाव काढणार तोच लालबीचा धपाटा बसला. लालबी म्हणजे गावभराच्या मिरच्या कुटणारी बाई. तिच्यामागं गोजरबाई, तिच्यामागं अख्खी आळी. अमीनाचं तोंड भोकाला, पाठ बायांना. तो "नहीं, नहीं" ओरडला, ते पोकळ जहाजात घुमून पार शेपटातून "न्हाई" होऊन निघालं.

साळूबाईनं हात वर केला. आत्यानं नाव ठेवलं म्हणाली, अन् घुगऱ्या वाटल्या.

अमीन पाठ चोळत उठला. बैल जुंपा म्हणाला.

"न्हाई," पुंजाराम म्हणाला.

"क्या बोला?"

"जहाजाचं नाव घेतलं, साहेब. तुमीच ठेवलंय."

अमीन लालबीकडं वळला. तिनंही नाव घेतलं. मंग पारावरच्या म्हाताऱ्यांनी घेतलं, कुंभारांनी घेतलं, शिपायांतल्या एकानं हळूच घेतलं. आता चाबूक उगारायचा कुणावर? आपणच ठेवलेलं नाव घेतलं म्हणून?

बैल तसेच शेताकडं वळले. पुंजाराम तिफण घेऊन पुढं निघाला. मागनं अमीन ओरडत राह्यला, थांबा म्हणून, अन् साळूबाई मागं न बघता नाव घेत राह्यली.