टेबलाची चौथी बाजू

कुंदा मत्तेने स्वतःच्या हातांनी बनवलेलं जेवणाचं टेबल ज्या दुपारी पायांवर उभं राहिलं, त्याच दुपारी स्वयंपाकघराची भिंत पुढे आली आणि टेबलाच्या चौथ्या बाजूला चिकटून उभी राहिली. आवाज झाला नाही. कॅलेंडर, चमच्यांचा स्टँड, ट्यूबलाइट, सगळं अंगावर घेऊन ती आली. एक चमचासुद्धा हलला नाही.

कुंदा हातातल्या काचपेपरकडे आणि भिंतीकडे आळीपाळीने बघत राहिली. मग तिने चौथी खुर्ची उचलून मागच्या पडवीत नेऊन ठेवली, कारण भाजी लागायला आली होती.

टेबलाचं लाकूड तिच्या माहेरचं होतं. मूल गावात तिच्या वडिलांची लाकूड कापायची आरागिरणी होती. लहानपणी ती शाळेतून थेट तिथेच जायची आणि केसांत भुसा घेऊन घरी यायची. वडील गेल्यावर भाऊ पुंडलिकने गिरणी विकली आणि बहिणीला टेम्पोतून सागाच्या काही फळ्या पाठवल्या. 'ताईला आठवण म्हणून,' असं ड्रायव्हरजवळ सांगितलं होतं. तिच्या वाट्याला आलं ते एवढंच. वरोऱ्याच्या घरी, टिनाच्या छपराखाली त्या फळ्या वर्षानुवर्षं भिंतीला टेकून उभ्या होत्या.

लग्न होऊन आल्यापासून कुंदा सगळ्यांच्या मागून जेवत आली होती. ओट्याच्या कोपऱ्यावर ताट ठेवून, उभ्यानेच. तिला कोणी तसं बजावलं नव्हतं. गरम पोळ्या वाढता वाढता तसं होत गेलं, आणि मग तेच राहिलं. टेबल असलं की चौघं एकदम बसतील, असं तिच्या मनाने घेतलं. नवरा दिवाकर म्हणाला, "विकत आणू ना." ती म्हणाली, "घरी लाकूड आहे."

तिने आंगणात फळ्या आडव्या टाकल्या, रंधा मारला, पटाशीने सांधे कोरले. टेबलात खिळा एकही नव्हता. सासूबाई दारात बसून बघायच्या. "बाईमाणसाच्या हातात रंधा," त्या म्हणायच्या, आणि रंध्यातून निघालेल्या साली चुलीसाठी गोळा करून न्यायच्या.

त्या पहिल्या दिवशी दिवाकर, सासूबाई आणि मुलगा हर्षल तीन बाजूंना बसले.

"तू पण बस ना," दिवाकर म्हणाला.

"कुठं?"

त्याने भिंतीकडे पाहिलं. "हो का. मग जरा मोठं करायचं होतंस टेबल."

दुसऱ्या दिवशी घरात कोणी नसताना तिने टेबल ओढून अलीकडे घेतलं. भिंत मागोमाग आली. तिने टेबल फिरवलं, तर भिंत तिच्या वाट्याची बाजू बरोबर ओळखून तिथे जाऊन उभी राहिली. तिने टेबल आंगणात नेलं. भिंतही आंगणात आली, आणि शेजारच्या बाईने तिच्यावर गोधडी वाळत घातली.

मग कुंदाने विचार केला की बाजूच ठेवायची नाही. तिने करवत घेतली आणि टेबलाचे कोपरे कापून ते गोल केलं. फळीच्या कडेला वडिलांनी गेरूने ओढलेली रेघ होती, ती भुशात गेली. टेबल छान गोल झालं. भिंत वाकली. अर्धचंद्रासारखी वळून टेबलाला बिलगली, आणि वर कॅलेंडरसुद्धा वाकलं.

"बरं दिसतं हे गोल," हर्षल म्हणाला. "आई, अजून एक पोळी."

जागा मात्र कमी होत चालली होती. ओटा आणि टेबल यांच्यामध्ये ती आधी सरळ चालायची, आता आडवी होऊन सरकायची. एकदा सासूबाईंना वाढता वाढता तिने विचारलंच.

"आई, ही भिंत दिसते ना तुम्हाला?"

"दिसते ना. मले काय मोतीबिंदू हाय?"

"मग बोलत का नाही कोणी?"

"काय बोलाव? मी या घरात आली तवा तं याहून जवळ होती."

"तेव्हा कुठं होतं टेबल? पाटावर बसायचे ना सगळे?"

"टेबल नोतं," सासूबाई म्हणाल्या. "भिंत होती." आणि त्यांनी वरणात पोळी कुस्करली.

हर्षलचं लग्न ठरवायला मुलीकडची माणसं आली. मुलगी मयूरी, तिचे आईवडील, काका, मामा. इतके जण कसे बसतील याची कुंदाला काळजी होती, पण सगळे बसले. खुर्च्या आल्या तशी जागा होत गेली. टेबल फुगलं नाही, कोणाचं कोपर कोणाला लागलं नाही. भिंत तेवढी होती तिथेच होती. टेबल लहान नाही, हे कुंदाला तेव्हा कळलं. हातात कढीचं पातेलं होतं, आणि ते एकाएकी इतकं जड झालं की तिने ते पोटाशी धरलं.

मयूरीच्या वडिलांनी टेबलावर हात फिरवला. "अस्सल साग आहे. कुठून घेतलं?"

"घरीच बनवलं आम्ही," दिवाकर म्हणाला.

कुंदाने त्याच्या वाटीत कढी वाढली. काठोकाठ वाढली.

त्या सगळ्यांत एकट्या मयूरीने मान वर करून भिंतीकडे पाहिलं. मग कुंदाकडे पाहिलं. तिचा घास ताटातच राहिला. कुंदाने त्याच क्षणी ठरवलं की ही पोरगी बसेल. आपलं झालं ते झालं.

लग्नाआधी तिने उरलेल्या फळीची एक नवी खुर्ची बनवली आणि हर्षल नि सासूबाई यांच्यामध्ये ठेवली. मयूरी घरात आली तेव्हा कुंदाने तिला त्या खुर्चीवर बसवलं आणि खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाली, "एक ऐकशील? जेवण सुरू झालं की इथून उठायचं नाही. कोणी पाणी मागू दे, मीठ मागू दे, तू उठायचं नाही."

"पण आई, तुम्ही?"

"माझं सोड."

मयूरी बसायची. तिला घास गिळायला जड जायचं, हे कुंदाला दिसायचं. तरी ती बसलेली बघून कुंदाला बरं वाटायचं. आपण बनवलेल्या टेबलाशी या घरातली एक सून बसून जेवते, एवढं तरी झालं. सासूबाई कधी कधी नातसुनेकडे एकटक बघायच्या.

एका रविवारी, भर जेवणात, मयूरीने खुर्ची मागे सारली.

"आज मी लाटते. आई, तुम्ही बसा."

"उठू नकोस म्हटलं ना तुला!"

"एक दिवस, आई. बसा तरी." तिने कुंदाच्या हातातलं लाटणं काढून घेतलं.

तेवढ्यात भिंत मागे सरकली. एक खुर्ची मावेल इतकीच. पडवीतली चौथी खुर्ची तिथे होती, पुसून ठेवल्यासारखी.

कुंदाला नाही म्हणायचं होतं. मयूरीला दंडाला धरून परत बसवायचं होतं. पण भिंत मागे गेलेली ती जन्मात पहिल्यांदा बघत होती. पाय आपोआप निघाले. ती बसली. गुडघे टेबलाखाली गेले. दिवाकरने मान न वळवता भाजीचं पातेलं तिच्याकडे सरकवलं.

मग भिंत परत पुढे आली आणि खुर्चीच्या पाठीला टेकली. कुंदाने समोर पाहिलं. हर्षल आणि सासूबाई यांच्यामध्ये मयूरीची खुर्ची नव्हती. दोघांच्या खुर्च्या एकमेकींना भिडल्या होत्या.

"हर्षल, तिची जागा," कुंदा म्हणाली.

"कोणाची?"

"जेव आता," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मऊ होता. इतक्या वर्षांत त्या कुंदाशी अशा बोलल्या नव्हत्या. "निवते."

कुंदाने टेबलाची कड धरून उठायचा प्रयत्न केला. खुर्ची मागे जाईना. मान वळवायलाही जागा नव्हती. तिने पोळीचा तुकडा तोडला, भाजीला लावला, तोंडात घातला. तिचे डोळे भरून आले, कशाने ते तिला कळलं नाही.

तिची मान आणि भिंत यांच्यामधल्या फटीतून, जिथे माणूस उभा राहूच शकत नव्हता तिथून, एक हात पुढे आला. हिरव्या बांगड्या, बोटांना कणीक. त्याने एक पोळी कुंदाच्या ताटात ठेवली, दुसरी वर धरली आणि तो तिथेच थांबला, ती 'पुरे' म्हणेल म्हणून.

कुंदाच्या तोंडात घास होता.