मेस्त्रेला उतरलेली सून

मी एक जुनी हातगाडी आहे. हसू नका, मित्रांनो. व्हेनिसमध्ये हातगाडी असणं म्हणजे काय, ते सपाट रस्त्यावर लोळणाऱ्या गाड्यांना जन्मात कळायचं नाही. इथे रस्ता म्हणजे पाणी, पाण्यावर पूल आणि पुलाला पायऱ्या. म्हणून सुताराने मला दोन मोठ्या चाकांच्या पुढे दोन छोटी चाकं दिली. छोटी चाकं वरच्या पायरीवर टेकवायची, मग मोठी ओढून घ्यायची. अशी मी पेट्या, पलंग, एकदा तर एक अख्खा संगमरवरी देवदूत घेऊन पूल चढले आहे. तुमच्या मोटारीला सांगा चढायला.

माझा मालक अल्वीझे बुझेत्तो हा सांता लुचिया स्टेशनवरचा हमाल. हे स्टेशन व्हेनिसच्या बेटावरचं, अगदी शेवटचं. त्याच्या दारातून बाहेर आलं की समोर थेट मोठा कालवा आणि त्यावर होड्या. गाडीतून उतरलेला माणूस दारात येऊन थांबायचाच. मंत्री असो, खाटीक असो, तोंड उघडं टाकून थांबायचा. कोपऱ्यात उभ्या असलेल्या मला कित्येक वर्षं वाटायचं, की हे सगळे माझ्याकडेच बघताहेत.

अल्वीझे अंगाने दणकट आणि तोंडाने वाईट. त्याच्या लेखी जग या दारापाशी संपायचं. खाडीवरच्या लांबलचक पुलाच्या पलीकडे, जमिनीवर, मेस्त्रे नावाचं गाव आहे. धुरांडी, कारखाने, मोटारी. सगळ्या गाड्या आधी तिथे थांबतात आणि मग पुलावरून इकडे येतात. अल्वीझे त्या गावाचं नाव तोंडाने घ्यायचा नाही. "तिकडे" म्हणायचा, जसं आपण गटाराकडे बोट करतो तसं.

त्याचा एकुलता मुलगा एलिओ पार दक्षिणेला, कालाब्रियात, बोगदे खणायच्या कामावर गेला आणि तिथल्या फिलोमेनाशी लग्न करून बसला. अल्वीझे लग्नाला गेला नाही. "मिरच्या खाऊन जगणारी माणसं ती," म्हणाला. "त्यांच्यात माझं काय काम?" पुढे एलिओ बोगद्यातच दगावला. तार आली तेव्हा अल्वीझे माझ्यावर बसला होता. बसूनच राहिला. अंत्ययात्रेलाही गेला नाही. लोकांना सांगितलं, तार उशिरा पोचली. साफ खोटं. मी तिथेच होते.

मग एका शरद ऋतूत फिलोमेनाचा फोन आला. हमालांचे फोन नॉर्माच्या बारमध्ये यायचे. नॉर्मा स्टेशनजवळ वाइनचे छोटे पेले विकायची आणि मनात काही ठेवायची नाही. फिलोमेना म्हणाली, मुलीला घेऊन कायमची बेल्जियमला भावाकडे चाललेय. वाट वाकडी करून येते, तुम्हाला नात बघायची असेल तर.

अल्वीझे म्हणाला, "व्हेनिसला उतर. मी स्टेशनवर असेन." आणि फोन ठेवला.

"कुठलं व्हेनिस ते सांगितलंस का?" नॉर्मा म्हणाली. "मेस्त्रेच्या फलाटावरही व्हेनिस-मेस्त्रे लिहिलंय म्हटलं."

"लिहू दे की. गाढवावर घोडा लिहिलं म्हणून कोणी त्यावर बसतं का?"

"ज्याने घोडा कधी बघितला नाही, तो बसतो."

अल्वीझेने ऐकून सोडून दिलं. परत फोन लावायला नंबरही नव्हता. तिने गावच्या पोस्टातून केला होता.

ती आली तो दिवस संत मार्तिनाचा. या दिवशी आमच्याकडची पोरं भांडी बडवत गल्लोगल्ली फिरतात, आणि घोडेस्वाराच्या आकाराची साखर लावलेली मोठी बिस्किटं मिळतात. अल्वीझेने नातीसाठी त्यातलं एक घेतलं, कागदात गुंडाळून माझ्या फळीवर ठेवलं आणि टोपी झटकून उभा राहिला. दुपारपासून रेल्वेचा संप होता, पण तिची गाडी त्याआधीच आली. माणसं बाहेर आली, थांबली, पांगली. लहान मुलगी घेतलेली बाई त्यांत नव्हती. झाडूवाला फलाट झाडून गेला तरी अल्वीझे तिथेच.

मग तो नॉर्माकडे गेला आणि मला दाराशी टेकवलं. "नाही आली. मिरचीच ती," म्हणाला. पेला उचलला, पण प्यायला नाही.

फोन वाजला. नॉर्मा बराच वेळ नुसती "हो बाई, हो बाई" करत होती. तिने काही समजावायच्या आत पलीकडून फोन बंद झाला.

"तुझी सून मेस्त्रेला बसलीये. सकाळपासून."

नॉर्माने फडक्याला हात पुसले.

"तिला वाटतंय, तू मुद्दामच आला नाहीस. म्हणते, यायचं नव्हतं तर तसं सांगायचं. संप मिटला की जी पहिली गाडी सुटेल तिने ती जाणार. मग नातीला फोटोत बघ. तिने पाठवला तर."

बसवाल्यांनीही त्या दिवशी गाड्या काढल्या नव्हत्या. अल्वीझेने पेला खाली ठेवला. "चालत जातो."

"पुलावरून? एवढी खाडी ओलांडून? अरे, गुडघे बघ स्वतःचे."

"तिच्याबरोबर सामान असेल," तो म्हणाला आणि त्याने माझे दांडे धरले.

मित्रांनो, दगडी गल्ल्यांपलीकडे मी काही पाहिलं नव्हतं. पायऱ्यांचे पूल संपले आणि तो सरळसोट पूल लागला. एकही पायरी नाही. माझी छोटी चाकं नुसतीच अधांतरी राहिली. दोन्ही बाजूंना पाणी, आणि पाणी किती असावं याला काही माप? शहरात पाणी भिंतींमध्ये दबून असतं. इथे ते मोकळं पसरलं होतं आणि त्याला काठच नव्हता. हवा इतकी स्वच्छ, की रिकाम्या रुळांपलीकडे, उत्तरेला, बर्फाचे डोंगर उभे होते. पाण्यातून निघून आभाळात गेलेले. मी त्यांच्याकडे बघतच राहिले. अल्वीझे मान खाली घालून ओढत होता. त्याच्या श्वासाची शिट्टी वाजत होती.

आम्ही अर्ध्यावर असू. मागून रूळ थरथरले. सांता लुचियाहून सुटलेली गाडी धडधडत आमच्या बाजूने मेस्त्रेकडे गेली. संप मिटला होता.

अल्वीझे धावला. खरंच धावला, मी उड्या मारत मागे. गाडीचा शेवटचा डबा लहान होत गेला, मग दिसेनासा झाला. तो थांबला. माझे दांडे सोडले आणि कठड्याला धरून उभा राहिला. मी कितीतरी ओझी वाहिली आहेत, पण ओझं उतरल्यावर इतका वाकलेला माणूस पाहिला नव्हता.

किती वेळ गेला कोण जाणे. सूर्य धुरांड्यांमागे उतरायला लागला, आणि त्या उजेडातून एक काळी आकृती पुलावरून चालत आली. काळ्या कपड्यांतली बाई. डोक्यावर दोरीने बांधलेली भली मोठी पेटी. पेटीला हात नाही. एक हात मुलीच्या हातात, दुसरा नुसता सुटा. खाडीचा वारा अंगावर घेत ती अशी सरळ चालत होती, की पेटी जरासुद्धा हलत नव्हती. आयुष्यभर पेट्या उचललेला माझा मालक बघतच राहिला. मीही. तेवढ्या वेळापुरते डोंगर विसरले.

ती समोर येऊन थांबली. "अल्वीझे बुझेत्तो तुम्हीच?"

"हो."

"माझी गाडी गेली. बघितलीत?"

"बघितली."

"तुमच्या बारवालीने स्टेशनवर फोन केला. म्हणाली, म्हातारा गाडा ओढत निघालाय, पुलावर मेला तर पाप तुझ्या डोक्यावर. म्हटलं, डोक्यावर आधीच पेटी आहे, आणखी नको."

अल्वीझेने टोपी काढली. "पेटी यावर ठेव. मी हमाल आहे."

"आमच्याकडे हमाल नसतात. बायका असतात."

वारा वाहत होता. अल्वीझेने टोपी दोन्ही हातांत फिरवली. शेवटी तो म्हणाला, "मेस्त्रेला उतरू नकोस, एवढंच सांगायचं होतं. नॉर्माने बजावलं होतं. मी नाही सांगितलं. चुकलो. आणि तेव्हाही यायला हवं होतं मी. एलिओच्या वेळी."

त्याच्या तोंडून मेस्त्रे हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

फिलोमेनाने गुडघे वाकवून पेटी उतरवली आणि माझ्यावर ठेवली. मुलीला पेटीवर बसवलं. अल्वीझेने तिच्या हातात बिस्किट दिलं आणि विचारलं, "नाव काय ग तुझं?"

"झानेत्ता."

हे नाव आमच्या गल्ल्यांमधलं. अल्वीझेच्या मेलेल्या बायकोचं.

"आमच्या गावात सगळे हसतात या नावाला," फिलोमेना म्हणाली. "पण पहिल्या मुलीला बापाच्या आईचं नाव द्यायचं असतं. एलिओने सांगितलं तेच ठेवलं. तुम्ही कधी विचारलं नाहीत."

अल्वीझेने दांडे उचलले आणि मला वळवलं.

आणि तेव्हा मी ते पाहिलं, मित्रांनो. जन्मभर ज्याच्या पोटात फिरले ते शहर मी बाहेरून पाहिलं. खाली काही नाही, नुसतं पाणी, आणि पाण्यावर मनोरे, घुमट, छपरं, सगळं मावळत्या उन्हात पेटलेलं. झानेत्ता बिस्किटाच्या घोड्याचं डोकं खाता खाता थांबली.

"आजोबा, हे पाण्यात कोणी ठेवलं?"

माझे दांडे तसेच धरून अल्वीझे बघत उभा राहिला. त्यानेही या बाजूने पायी येऊन ते कधी पाहिलं नव्हतं. त्याचे डोळे वाहत होते आणि ते पुसायला दांड्यावरचे हात मोकळे नव्हते. फिलोमेनाने एक दांडा आपल्या हातात घेतला. उरलेला पूल मला दोघांनी ओढलं.

पुढे फिलोमेना बेल्जियमला गेलीच. पण दर उन्हाळ्यात मुलीला घेऊन यायची, आणि दर वेळी अल्वीझे आधी मेस्त्रेला जाऊन फलाटावर उभा राहायचा. तिथे त्यांच्या डब्यात चढायचा आणि खाडी त्यांच्याबरोबर ओलांडायचा. मी सांता लुचियाच्या दारात तिघांची वाट बघायची.

अल्वीझे गेला. हमालही गेले. आता मी स्टेशनजवळच्या एका हॉटेलच्या दारात उभी आहे, माझ्यात माती भरलीय आणि फुलझाडं लावलीयत. मातीने फळ्या कुजल्या. येणारे लोक माझ्याबरोबर फोटो काढतात. ही कशासाठी होती, हे एकानेही विचारलेलं नाही. निदान पुरती कुजायच्या आधी एकदा माती काढा आणि माझी चाकं पायरीवर टेकवून बघा, एवढंच मागते. आणि अजूनही रोज कोणीतरी घामाघूम होऊन येतं, म्हणतं, चुकून मेस्त्रेला उतरलो, कोणी सांगितलंच नाही.

तेव्हा कोणाला बोलावलंत, मित्रांनो, तर स्टेशनचं पूर्ण नाव सांगा. ज्या नावाचा तिटकारा येतो ते तर आधी सांगा. आणि तरीही तुमचं माणूस भलत्या ठिकाणी उतरलं, तर पेला पुढ्यात घेऊन बसू नका. उठा आणि चालायला लागा. ते तुमच्याकडे निघालेलं असेल, डोक्यावर पेटी घेऊन.